रवंथ करणारी गाडी

९ जानेवारी, शुक्रवार

तीन पूर्णांक एक!

धुरात कार्बन मोनॉक्साइड चालतो अर्धा टक्का. आपल्या गाडीचा आला तीन पूर्णांक एक. पुन्हा घेतला. नळी बाहेर काढली, मशीनला मोकळी हवा ओढू दिली, आकडा शून्यावर येऊ दिला, मग परत पाइपात घातली. तेवढाच.

दादा सकाळीच गाडी घेऊन माझ्या पीयूसी सेंटरवर आला होता. आवाज लांबूनच आला. मला वाटलं उसाचा ट्रॅक्टर चौकात वळतोय. बघते तर आपलीच पांढरी गाडी. सटवा मिस्त्रीने जुना सायलेन्सर कापून सरळ पाइप टाकलाय, आणि तो मागेपर्यंत न नेता मधेच, मागच्या चाकाच्या अलीकडे, पोटाखाली सोडून दिलाय. कारण कोकरं. बाजाराला कोकरं नेताना दादा डिकी दोरीने अर्धी उघडी बांधतो. धूर उलटा आत यायचा, आप्पा कुरकुरायचे. म्हणून दादाने धुराचं तोंडच हलवलं.

'आता कसं? ना मागं धूर, ना कटकट. अन् पळती बी लई.'

पाइपाच्या मधे एक फुगीर डबा असायचा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. धुरातलं विष मारणारा. तोही गेला. मिस्त्री म्हणाला म्हणे की तो तुंबलाय, त्यानेच गाडीचा जीव गुदमरतोय.

मी म्हटलं, 'दादा, नापास आहे.'

'घरची गाडी हाय ती, मोहिनी.'

'म्हणून काय आकडा बदलतो?'

सेंटरचे मालक सुंदरराव काका आत चहा पीत होते. म्हणाले, 'पोरी, ती बघ नवी कोरी गाडी उभी हाय. तिच्यात घाल नळी अन् काढ तुझ्या भावाचा कागद. कोन बघतंय?' आणि हसले. थट्टा होती की नाही, मला अजून कळलेलं नाही. मी नळी गुंडाळून ठेवली. दादा गाडी घेऊन गेला. ऊस वाहणाऱ्यांनीही वळून बघितलं, इतका आवाज.

११ जानेवारी, रविवार

भांडण कागदावरून सुरू झालं, पण मूळ आहे धाकटी बहीण अंजू.

अंजूला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण, माहेरी आणायचीच. आमच्यात आठव्यात गरोदर बाईला वेस ओलांडू देत नाहीत. म्हणजे सातवा संपायच्या आत ती उमापूरहून इथे यायला हवी. दादाने फोनवर तिच्या सासूला, चंद्रभागाबाईंना, सांगून टाकलंय — आमची गाडी येईल. 'आमची गाडी' हे दोन शब्द त्याने असे म्हटले की आईने चुलीपाशी पदर डोळ्याला लावला. आईला तिच्या पहिल्या बाळंतपणाला एस्टीने नेलं होतं, निम्म्या वाटेपर्यंत उभं.

जेवताना दादा म्हणाला, 'तू कागद दे नाहीतर देऊ नको. मी बिनकागदाची नेईन, पन नेईन गाडीच.'

आप्पा म्हणाले, 'ती काय म्हनती ते बघ आदी. तिनं वाचलेलं हाय.'

हेच मला भीती घालतं. घरात शाळेत गेलेली मी एकटी. औषधाची बाटली, बियाण्याची पिशवी, एस्टीची पाटी, कोर्टाचा कागद — लहानपणापासून सगळं मीच वाचलं, आणि मी जे म्हणेन ते खरं. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी चुकले तर या घरात चूक पकडणारं कोणी नाही.

१२ जानेवारी, सोमवार

आज सेंटरला जायच्या आधी सटवा मिस्त्रीच्या गॅरेजवर गेले. डबा परत मिळतो का बघायला.

डबा नाही. तो भंगारात गेला. म्हणाला, 'ताई, त्याच्यात दुसरं काय हाय? नुस्ती माती भाजल्यावानी जाळी.' पण बोलताना त्याने बूट हलवला आणि वाळूत काहीतरी दिसलं. बोटभर तुकडा. आतली जाळी, फुटलेली. मी विचारलं, नेऊ का? 'न्या की, देव्हाऱ्यात ठिवा.'

सेंटरवर बसून तो तुकडा उन्हाकडे धरला. काय सांगू! आयटीआयला मी याची आकृती काढली होती, पूर्ण गुण मिळाले होते. पण ती आकृती होती. हा तुकडा डोळ्याला लावला तर पलीकडे उसाचं रान दिसलं — असंख्य बारीक चौकोनांतून, प्रत्येक चौकोनात तिळाएवढं हिरवं. मधमाशीच्या पोळ्याला असतात तशी घरं, पण पोळ्याहूनही बारीक, आणि सगळी आरपार. त्यांच्या भिंतींवर मौल्यवान धातूचा असा पातळ थर असतो की तो दिसतच नाही. धूर आत शिरतो तेव्हा विष असतो, पलीकडे निघतो तेव्हा आपण श्वास सोडतो तसलीच साधी हवा आणि थोडी वाफ. मधे काहीही हलत नाही. चाक नाही, पंखा नाही. नुसतं शिवून जायचं, आणि बदलायचं.

मी दिवसभर तुकडा ओढणीच्या गाठीत बांधून ठेवला. दोन गाड्या नापास केल्या, दोघांनी शिव्या दिल्या. मला ऐकूच आल्या नाहीत.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तीळ भाजताना अख्खा वेळ तेच चौकोन.

१६ जानेवारी, शुक्रवार

सटवा मिस्त्री घरीच आला, पाने घेऊन. बॉनेट उघडून दादाला म्हणाला, 'सोमनाथ, डबा गेला. आता ही बाकीची आतडी कशाला ठिवायची? काढून टाकू. गाडी हलकी हुईल, ॲव्हरेज वाढंल.' आणि बोट दाखवत गेला. हा काळा डबा, ही रबरी नळी, ही लोखंडी नळी, ही बारकी.

मी म्हटलं, थांबा.

'कावून? ताई, नवरदेवच मांडवातून निघून गेला, आता वऱ्हाडाला काय म्हनून जेवू घालायचं?'

'सगळं वऱ्हाड एकाच नवरदेवाचं आहे का, ते आधी बघू द्या.'

आप्पा हसले. मिस्त्री पण हसला, पण जरा उशिरा. 'बगा बगा. शिकलेल्या मानसाला बगायला लई येळ लागतो.'

दादा म्हणाला, 'रविवारपातूर थांब बे सटवा. तिचं समाधान हू दे.'

मिस्त्री पाने उचलून गेला. आता माझ्यावर आलं. मला खरं तर उत्तर माहीत नव्हतं. मी नुसतं उलटं बोलले. रात्री वही काढली — आकृत्या आहेत, पण त्या चकचकीत नव्या गाडीच्या. आपली गाडी वीसेक वर्षांची, शहरात कुणाची तरी राहून इथे आलेली. तिच्या नळ्या कुठून कुठे जातात ते तिलाच विचारावं लागेल.

१८ जानेवारी, रविवार

आज सगळा दिवस बॉनेटखाली. लिहायला हात काळे आहेत, पान खराब होतंय, होऊ दे.

मेंढ्यांना खूण करायचा तांबडा रंग घेतला. एका टोकाला ठिपका लावायचा आणि बोटाने चाचपत नळी कुठे जाते ते बघायचं, तिथे दुसरा ठिपका. आई म्हणाली, 'गाडीला काय बाजारात इकायची हाय का, खुना करायलीस?'

काळा डबा. त्यात कोळसा आहे. पेट्रोलची टाकी उन्हात तापते, वाफा निघतात. त्या हवेत जाऊ नयेत म्हणून या डब्याकडे येतात आणि कोळसा त्यांना धरून ठेवतो. गाडी चालू झाली की इंजिन त्या वाफा ओढून जाळतं. याचा सायलेन्सरशी काही संबंध नाही! पाइप कसलाही टाका, टाकी तापायची ती तापणारच.

रबरी नळी. इंजिनच्या पोटात, तेलाच्या बाजूला, थोडा धूर झिरपतो. तो पूर्वी म्हणे खाली रस्त्यावर सोडत. इथे तो परत वर नेलाय, पुन्हा जाळायला. हिचाही संबंध नाही.

आणि लोखंडी नळी. हिच्यापाशी मी बसूनच राहिले. ही बाहेर चाललेल्या धुरातला थोडासा धूर वळवून परत इंजिनच्या तोंडात देते. एकदा जळालेलं पुन्हा खायला. त्यामुळे आतली आग जरा मवाळ होते, आणि फार तापलेल्या आगीतून जो दुसरा एक वायू निघतो, छातीला त्रास देणारा, तो कमी होतो. मला पटकन दिसलं ते आप्पांचं मेंढरांचं खांड — दुपारी बाभळीखाली बसलेलं, गिळलेलं पुन्हा तोंडात आणून संथ चघळणारं. गाडी रवंथ करते. आपल्या अंगणात इतके महिने उभी आहे आणि हे कोणाला माहीत नव्हतं. मलाही नाही.

कुणी केलं असेल हे? कुठल्या तरी देशात कुणी तरी टेबलाशी बसून विचार केला असेल की जी गाडी अजून बनलेलीच नाही, तिच्या मागून जो माणूस चालत असेल, त्याच्या छातीत काय जाईल. त्या माणसाला तो कधी भेटणार नव्हता. तरी त्याच्यासाठी एवढी नळी वाकवली.

पण खरं ते खरं. बारकी नळी — सटवा मिस्त्रीचं बरोबर आहे. ती गाडी थंड असताना ताजी हवा त्या जाळीच्या डब्याला पुरवायची. डबाच नाही तर तिला काम नाही. हे मी त्याला सांगणार आहे.

आणि एक गोष्ट जी त्याने सांगितलीच नव्हती. चिकटपट्टी गुंडाळून बाजूला बांधलेली एक वायर. जुन्या पाइपात एक सेन्सर होता, धुराचा वास घेणारा. धुरात किती जळायचं राहिलं ते तो इंजिनला कळवायचा आणि इंजिन पेट्रोल कमीजास्त करायचं. नव्या पाइपाला त्याच्यासाठी भोकच ठेवलेलं नाही. म्हणजे गाडीचं नाक कापलंय. ती आंधळेपणाने पेट्रोल ओततेय. तीन पूर्णांक एक तिथून आला!

१९ जानेवारी, सोमवार

आप्पांना सगळं सांगितलं. ते गाडीपाशी उकिडवे बसून ऐकत होते. रवंथावर थांबले.

'म्हंजी ही नळी काढली तर गाडी रवंथ सोडंल.'

'हो.'

'मंग आजारीच पडायची की. जनावरानं रवंथ सोडला की आमी आदी तेच बघतो.'

मला 'हो' म्हणायचा मोह झाला. एवढ्यावर विषय संपला असता. पण ते खोटं झालं असतं. म्हटलं, 'नाही आप्पा. गाडीला काही होणार नाही. उलट जोरात पळेल. आजारी दुसरं कोणी पडेल.'

'दुसरं म्हंजी कोन?'

'मागून चालणारं.'

आप्पा म्हणाले, 'मागून तर आमीच चालतो की. अन् मेंढराचं तोंड बरूबर त्या पायपाएवढ्या उंचीला असतंय.'

उठून त्यांनी दादाला एवढंच सांगितलं — सटवाला हात लावू देऊ नको. दादा म्हणाला, 'आप्पा, आपल्या आख्ख्या तेलगावात सगळ्यांनी डबे काढलेत.' आप्पा म्हणाले, 'असंल.'

दादा माझ्याकडे बघत म्हणाला, 'आणायची हाय अंजू, अन् हिचं चाललंय मेंढराच्या तोंडाचं.'

त्याचंही चूक नाही. उमापूरला आमची वाट बघतायत.

२१ जानेवारी, बुधवार

बाजार होता. आप्पा आणि दादा पाच कोकरं घेऊन पहाटे गेले. मागची सीट काढून कोकरं खाली बसवली होती. थंडी म्हणून काचा बंद, आणि धूर मागून येत नाही म्हटल्यावर डिकीही लावलेली.

परत आल्यावर आप्पा म्हणाले, 'दोन कोकरं उतरवताना मान टाकून व्हती. मला वाटलं गेली. जमिनीवर ठिवली, वारं लागलं, मंग उठली. गाडी लागली असंल.'

दादा म्हणाला, 'पुढच्या बारीला काच थोडी खाली ठिवू.'

मी लगेच कंदील घेऊन गाडीत वाकले. खालचं रबर उचललं. तळाला चार भोकं! मी ओळखलीच नसती, पण दादाच म्हणाला, 'मीच पाडलीत की. कोकरं मुततात. आतून पानी मारलं की खालून निघून जातंय. रोज कोन पुसत बसंल?'

मी भोकात बोट घातलं. बोट खाली जिथे निघालं, तिथून वीतभरावर नव्या पाइपाचं तोंड.

त्या जागेवर अंजूचे पाय येणार आहेत.

पण मला माहीत नाही. कोकरं खरंच गाडी लागूनही मान टाकतात. मी घाबरट आहे, मला कुठेही संकट दिसतं. बघितल्याशिवाय बोलणार नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

दुपारी सेंटरवर गर्दी नव्हती. सुंदरराव काकांना विचारलं, मशीनची नळी पाइपात न घालता गाडीच्या आत ठेवून बघू का. म्हणाले, 'आतली हवा तपासायचा कायदा कुठं हाय?' मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'घे बाई, घे. तुझं तोंड उतरलंय.'

दादा गाडी घेऊन आला, कंटाळलेला. गाडीत कोणी बसलं नाही. इंजिन चालू ठेवलं, सगळ्या काचा लावल्या, एक बोटभर उघडी, त्यातून नळी आत, फटीत माझी ओढणी कोंबली. नळीचं टोक मागे, जिथे सीट असते तिथे.

आधी मोकळ्या हवेचा आकडा बघितला. शून्य. मग थांबलो.

शून्य, शून्य. दादा म्हणाला, 'बघ, काय बी न्हाई.' आणि शेवटचा आकडा हलला. एक. मग दोन. मग हळूहळू पुढे. पाइपातल्या आकड्यासमोर तो काहीच नाही, शंभरातला एकही भाग नाही. पण हे पाइपाचं तोंड नव्हतं, माणसाच्या तोंडाची जागा होती. आणि तिथे शून्यच हवं.

मी काचेतून आत बघत होते. काहीही दिसत नव्हतं. स्वच्छ गाडी. पुढच्या काचेवर संक्रांतीच्या दिवशी आईने लावलेलं हळदीकुंकू. ऊन आत पडलेलं, उन्हात धूळही नीट दिसत होती. आणि त्याच हवेत ते विष होतं. वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. धूर असता तर माणूस खोकला असता, काच खाली केली असती. हे काहीच सांगत नाही. मला भीती वाटली, पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी वाटलं. देवळात गाभाऱ्यात वाकल्यावर वाटतं तसं, फक्त इथे आत कृपा नव्हती.

मशीन गाडीच्या आतल्या हवेसाठी बनलेली नाही, शेवटच्या आकड्यावर फार विसंबू नये. म्हणून इंजिन बंद करून दारं उघडली, शून्य आलं, आणि सगळं पुन्हा केलं. पुन्हा चढलं. मग भोकांवर ओली चिकणमाती थापली आणि तिसऱ्यांदा केलं. जवळजवळ हललं नाही.

दादाला सांगितलं, 'हे तुझ्या भोकांतून येतंय. पाइप पोटाखाली, डबा नाही, नाक नाही. तिन्ही मिळून.'

मला वाटलं आता भांडेल. त्याने विचारलं, 'किती येळ बसलं तर तरास व्हतो?'

'मला नाही सांगता येणार. बाहेरच्यापेक्षा आतल्या जिवाला जास्त.'

'आतल्या म्हंजी?'

'पोटातल्या.'

तो उठला, टपरीमागच्या रांजणातलं पाणी तोंडावर मारलं. बराच वेळ मारत राहिला. आला तेव्हा सदरा भिजलेला. म्हणाला, 'मी सटवाकडं जातो.' एवढंच. वाद नाही, टोमणा नाही.

एवढ्या सहज ऐकेल असं वाटलं नव्हतं.

२३ जानेवारी, शुक्रवार

भोकं पत्रा लावून बुजवली, वेल्डिंग केलं. दादा तिथेच बसून होता म्हणे, हललाच नाही.

२५ जानेवारी, रविवार

पाइप मागेपर्यंत नेला. आत शून्य! दोनदा शून्य. मागून मात्र अजून नापास.

दादा म्हणाला, 'अंजूला धोका न्हाई ना आता?' म्हटलं, आत नाही. 'मंग झालं?' मी पाइपाकडे बघितलं. त्याने स्वतःच मान हलवली. 'न्हाई झालं. आप्पा मागून चालत्यात.'

सटवा मिस्त्रीपाशी गेलो, दोघं. मी आधी त्याला सांगितलं की बारक्या नळीबद्दल तुमचं बरोबर होतं, डब्याशिवाय ती बिनकामाची. तो पाना खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. 'खरं म्हनता?' मग म्हणाला, 'मंग ऐका. बीडला मोडीत काढलेल्या गाड्यांचा एक जन हाय. ह्याच मॉडेलची एक पुढून ठोकलेली आलीय. मागचा भाग शाबूत असंल. डबा आन् नाकाडं दोन्ही मिळंल. म्या स्वता जातो.' आणि दादाला, 'तुझी बहीन मास्तरीन हाय बे. तिला सख्ख्या भावाचं खोटं बी चालत न्हाई.'

माझा 'नाक' हा शब्द दादाकडून त्याच्यापर्यंत गेला आणि 'नाकाडं' झाला.

२८ जानेवारी, बुधवार

डबा आला. लावायच्या आधी मी तो दोन्ही हातांनी उचलून आत बघितलं. अख्खी जाळी, एकही घर तुटलेलं नाही. दुसऱ्या टोकाने मिस्त्री बघत होता. बराच वेळ आम्ही दोघं दोन टोकांनी एकमेकांना हजार चौकोनांतून बघत होतो. तो म्हणाला, 'आयला. आमी हे हातोड्यानं फोडतो.'

नाक बसवलं. चिकटपट्टी सोडून वायर जोडली. आणि बारकी नळी, जी बिनकामाची ठरली होती, तिला परत काम मिळालं. बरं झालं काढली नाही. म्हणजे मिस्त्रीचा प्रश्न असा होता की पाइप बदलल्यावर बाकीचं लागतं का. उत्तर असं निघालं की निम्म्याला पाइपाशी देणंघेणंच नव्हतं, आणि उरलेलं डब्याची वाट बघत होतं.

गाडी तापू दिली. घरची गाडी, म्हणून मी मशीनला हात लावला नाही. काकांना म्हटलं, तुम्ही घ्या. ते कुरकुरत उठले, नळी घातली, बटण दाबलं. मी पाठ करून उभी राहिले.

'शून्य पूर्णांक दोन,' काका म्हणाले. 'वळ की आता इकडं.'

पाइपाच्या टोकातून पाण्याचे थेंब पडत होते. स्वच्छ पाणी. दादाने खाली वाकून बोटावर घेतलं.

३० जानेवारी, शुक्रवार

अंजूला आणलं!

सातवा संपायच्या आत, वेशीवर नारळ फोडून. चंद्रभागाबाईंनी गाडीभोवती फिरून बघितलं, 'आवाजच येत न्हाई हिचा' म्हणाल्या, दादाची छाती फुगली. काचा अर्ध्या उघड्या ठेवल्या, मीच ठेवायला लावल्या. अंजू मागे, तिच्या पायांशी मी. येताना गेवराईच्या पुढे रस्त्यात एक खांड आडवं आलं. दादाने गाडी थांबवली, सगळी मेंढरं जाईपर्यंत. शेवटचं कोकरू आमच्या पाइपापाशी थांबून हुंगून गेलं.

आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. अंजू घरात आली आणि घर भरलं. ती झोपली आहे. किती मोठी दिसते. माझ्यापेक्षा लहान, आणि आत आणखी एक जीव बांधून चालते. त्या जाळीपुढेही मला एवढं थक्क व्हायला झालं नव्हतं.

३१ जानेवारी, शनिवार

दुपारी अंजूचे केस विंचरत होते. म्हणाली, 'आता गाडी कशी गुमान चालती. त्या बारीला नुस्ता दनदनाट.'

'कुठल्या बारीला?'

'संक्रांतीच्या दुसऱ्या दिशी. दादा आलता की उमापूरला. मला गेवराईला दवाखान्यात नेलतं तपासायला. थंडी म्हनून काचा लावल्या अन् मी मागं पडले. जाताना येताना डोळाच उघडंना. घरी आल्यावर बी दिवसभर डोकं धरून व्हते. तुला म्हनला न्हाई व्हय?'

दारात दादा उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, 'गाडी काढतो. आत्ताच दाखवून येऊ.' आणि गेला.

अंजू म्हणते, अगं रोज लाथा मारतंय, तू कशाला एवढी पांढरी पडलीस. तिला अजून काही सांगितलेलं नाही. बाहेर इंजिन सुरू झालंय. डावा हात तिच्या पोटावर आहे, उजव्याने हे लिहिते आहे. मला ऐकून नको आहे, माझ्या हाताला लागायला हवं.

अजून नाही.

अजून नाही.

हललं.